सगळे धर्म एकच सांगतात म्हणे! मग बाहुबली वर्षभर का उभा राहिला?

"शेवटी सगळे धर्म एकच सांगतात." हे वाक्य मी कोल्हापुरात कितीतरी व्यासपीठांवरून ऐकलंय. सद्भावना मेळाव्यात, इफ्तारीच्या कार्यक्रमात, शाळेच्या स्नेहसंमेलनात, गणेशोत्सवाच्या बैठकीत. बोलणारा मनापासून बोलतो, ऐकणारे मनापासून टाळ्या वाजवतात, चहा होतो, सगळे घरी जातात. मला हे वाक्य पटत नाही. का पटत नाही ते आज सविस्तर लिहिते, कारण दोन ओळींत लिहिलं की लोकांना वाटतं मी भांडण लावतेय.

माझं काम डीटीपीचं. छापखान्यांसाठी मजकूर लावायचा, प्रूफं वाचायची, दुरुस्त्या घालून फायनल द्यायचं. लग्नपत्रिका, बिलबुकं, निवडणुकीची पत्रकं यांच्या जोडीनं धार्मिक पुस्तिका वर्षभर येत असतात. आषाढीच्या आधी हरिपाठ, भाद्रपदात जैनांच्या दशलक्षण पर्वाची पूजेची पुस्तकं, बुद्धपौर्णिमेला वंदना, बसवजयंतीला वचनं, उरुसाची पत्रकं, नाताळच्या गाण्यांच्या पुस्तिका. भाविक हा मजकूर पाठ म्हणतो, त्यामुळे त्याची नजर पुढं सरकत जाते. प्रूफ वाचणाऱ्याला मात्र एकेका अक्षरावर थांबावं लागतं. आणि थांबलं की प्रश्न पडतात. मुक्ती म्हणजे काय, ज्ञान झालं म्हणजे नेमकं काय झालं, ते झाल्यावर माणूस कुठं जातो, याची या पुस्तिकांमधली उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. नुसती वेगळी असती तर गोष्ट निराळी, काही ठिकाणी ती सरळ एकमेकांच्या विरोधात उभी आहेत.

एकदा णमोकार मंत्राचं प्रूफ घेऊन एक जैन काका शेजारी बसले होते. माझ्याकडून दोन ठिकाणी 'नमो' पडलं होतं. "ताई, 'न' नाही, 'ण'. प्राकृत आहे हे. णमो अरिहंताणं, णमो सिद्धाणं." दुरुस्ती करता करता मी विचारलं, "काका, सिद्ध तर अरिहंतांच्याही वरचे ना? मग पहिला नमस्कार अरिहंतांना कसा?" ते म्हणाले, "सिद्ध मुक्त झाले. त्यांना देह नाही, वाणी नाही, ते आता कुणाला काही सांगायला येणार नाहीत. अरिहंत म्हणजे ज्ञान झालेले, पण अजून देहात असलेले. वाट सांगितली ती त्यांनी. म्हणून पहिला नमस्कार त्यांना."

या एका उत्तरात जैन विचाराचा केवढा भाग आहे बघा. मुक्त झालेला जीव तुमची प्रार्थना ऐकून धावून येत नाही. तीर्थंकर कृपा करत नाहीत, शिक्षाही करत नाहीत. जगाचा कुणी निर्माता नाही. कर्म हे सूक्ष्म पुद्गल, म्हणजे जड द्रव्य आहे, ते जीवाला चिकटतं आणि ते झडवण्याचं काम ज्याचं त्यानंच करायचं. ज्ञान झाकणारं कर्म पुरतं झडलं की केवलज्ञान होतं, म्हणजे सर्व वस्तूंचं, सर्व काळांचं ज्ञान. उरलेलं कर्मही झडून देह सुटल्यावर तो जीव लोकाच्या अग्रभागी सिद्धशिलेवर जातो आणि तिथंही तो वेगळाच राहतो. अनंत सिद्ध आहेत, पण कुणी कुणात विलीन होत नाही. सागराला मिळालेली नदी वगैरे कीर्तनातली भाषा तिथं लागूच पडत नाही.

कुंभोजला बाहुबलीची २८ फुटी मूर्ती आहे, १९६३ साली उभारलेली. आपण सगळे शाळेच्या सहलीत तिथं गेलोय, डबा खाल्लाय, पायऱ्या मोजल्यात. पण तो माणूस तिथं का उभा आहे हे किती जणांनी विचारलं? बाहुबली ऋषभदेवांचा मुलगा. भाऊ भरताशी त्याचं दृष्टियुद्ध झालं, जलयुद्ध झालं, मल्लयुद्ध झालं. तिन्ही त्यानं जिंकली आणि जिंकलेलं राज्य तिथंच टाकून तो निघाला. कायोत्सर्गात, म्हणजे देहाचं भान सोडून ध्यानात, वर्षभर उभा राहिला. पायांपाशी वारुळं वाढली, अंगावर वेली चढल्या. तरी केवलज्ञान होईना. दिगंबर परंपरा सांगते, मनात एक शल्य राहिलं होतं की आपण उभे आहोत ती जमीन भरताची आहे. भरतानं येऊन त्याची पूजा केली तेव्हा ते शल्य गेलं आणि ज्ञान झालं. श्वेतांबर परंपरेत ब्राह्मी आणि सुंदरी या बहिणी येतात आणि म्हणतात, भावा, हत्तीवरून खाली उतर. हत्ती म्हणजे अहंकार. कथा कुठलीही घ्या. अख्खं राज्य सोडलं, एक वर्ष अन्नपाण्यावाचून काढलं, आणि मनात उरलेल्या एवढ्याशा गोष्टीनं सगळं अडवून धरलं.

आता माझ्या टेबलावरची दुसरी पुस्तिका. हरिपाठ. पहिलीच ओळ: "देवाचिये द्वारी उभा क्षणभरी, तेणें मुक्ती चारी साधियेल्या." इथंही उभं राहायचंच आहे, पण क्षणभर. आणि तेवढ्यानं चारी मुक्ती. शिवाय वारकऱ्यांच्या घरात मुख्य उभा राहणारा भक्त नाहीच, देव आहे. अठ्ठावीस युगं विटेवर तो उभा आहे, पुंडलिक आईबापांच्या सेवेतून मोकळा होईपर्यंत.

कुणाला कमी लेखायला मी हे शेजारी ठेवलेलं नाही. कुंभोजचा बाहुबली आणि पंढरीचा विठ्ठल या दोघांपुढं उभं राहून "दोन्ही एकच" म्हणायचं असेल तर दोघांपैकी एकाचंही म्हणणं मला ऐकता येणार नाही, एवढंच सांगायचंय. बाहुबलीच्या कथेत कुणी दुसरा तुम्हाला सोडवत नाही. हरिपाठात 'दुसरा' आहे म्हणूनच सगळं आहे.

तुकोबा तर आणखी पुढं जातात. "न लगे मुक्ती धन संपदा, संतसंग देई सदा." मुक्ती धनाच्या रांगेत बसवली त्यांनी! आणि शेवटी म्हणतात, "तुका म्हणे गर्भवासी, सुखें घालावे आम्हासी." हिंदू, बौद्ध, जैन अशा कितीतरी साधकांनी पुन्हा गर्भवास नको म्हणून देह झिजवला. हा माणूस म्हणतो, खुशाल घाला. लहानपणापासून आपण हा अभंग भजनाच्या शेवटी म्हणतो, त्यामुळे तो किती धाडसाचा आहे हे लक्षातच येत नाही. महायान बौद्ध परंपरेतले बोधिसत्त्वही पुन्हा पुन्हा जन्म घेतात. कुणी म्हणेल, बघा, शेवटी सारखंच! पण बोधिसत्त्व परत येतो तो दुःखात असलेल्या जीवांसाठी. तुकोबांना परत यायचंय ते देवाचे गुण गाण्यासाठी, संतांच्या संगतीसाठी. एक करुणेपोटी येतो, दुसरा आवडीपोटी. त्या आवडीला जैन परंपरा काय म्हणेल? महावीरांचे पट्टशिष्य गौतम गणधर. त्यांना केवलज्ञान होत नव्हतं, कारण महावीरांवर त्यांचा जीव जडलेला होता. पावापुरीला महावीरांचं निर्वाण झालं, तो राग, म्हणजे ती आसक्ती, गळून पडला, आणि त्याच दिवशी गौतमांना ज्ञान झालं, असं सांगतात. आमच्याकडं दिवाळीच्या पहाटे निर्वाण लाडू घेऊन मंदिरात जाणाऱ्या जैन कुटुंबांत ही गोष्ट घरातल्या मुलांना माहीत असते. गुरूवरचं प्रेम हीच शेवटची बेडी! आणि शेजारच्या गल्लीत काकडआरतीला तेच प्रेम कायम राहू दे म्हणून मागणं चाललेलं असतं.

प्रत्येक घराच्या आतही एकमत नाही, हेही ध्यानात घ्यायला हवं. शंकराचार्यांच्या अद्वैतात अज्ञान दूर झालं की ब्रह्म तेवढं उरतं. ज्ञानेश्वर अद्वैतीच, पण अमृतानुभवात त्यांनी सातवं प्रकरण अज्ञानखंडनाला दिलंय. अज्ञान नावाची वस्तू मुळात दाखवून द्या म्हणतात. जे दिसतंय तो त्या एकाचाच विलास आहे, मग घालवायचं काय? एका प्रश्नात 'अज्ञानाचा पडदा फाटला' ही सगळी ठरीव भाषा ते काढून घेतात. ते प्रकरण वाचताना मला दर वेळी भरून येतं. एवढ्या कोवळ्या वयाच्या माणसानं एवढा युक्तिवाद करायचा आणि तोही इतक्या गोडीनं!

आता दिव्याविषयी, कारण 'ज्ञान म्हणजे प्रकाश' हे सगळ्यांचं समान म्हणून नेहमी सांगितलं जातं. आपल्याकडं तर अंबाबाईचा किरणोत्सव आहे. जानेवारीच्या अखेरीस आणि नोव्हेंबरात मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात, एक दिवस चरणांवर, मग कमरेपर्यंत, मग मुखावर. त्या दिवशी देवळात उभं राहिलं की प्रकाश म्हणजेच देव हे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. पण बुद्धांकडं या. वच्छगोत्त नावाचा परिव्राजक त्यांना विचारतो, मुक्त झालेला मेल्यावर कुठं जन्मतो? बुद्ध उलट विचारतात, समोरची आग विझली तर ती कुठल्या दिशेला गेली, पूर्वेला की पश्चिमेला? तो म्हणतो, हा प्रश्नच लागू पडत नाही, जळण संपलं म्हणून ती विझली. निर्वाणाचा अर्थ असा विझण्याशी बांधलेला आहे. तृष्णा विझते. आणि मुक्त होणारा 'आत्मा' म्हणून कुणी शिल्लक ठेवलेलाच नाही.

कुराणातली प्रकाशाची आयत, चोविसाव्या सूरेतली पस्तिसावी, म्हणते की अल्लाह आकाशांचा आणि पृथ्वीचा प्रकाश आहे. एक कोनाडा, त्यात दिवा, दिवा काचेत, काच ताऱ्यासारखी चमकणारी, आणि तेल अशा जैतुनाचं जो पूर्वेचाही नाही आणि पश्चिमेचाही नाही. प्रकाशावर प्रकाश. इथंही दिवा, तिथंही ज्योत. इथंही पूर्व-पश्चिम, तिथंही. भाषणात दोन्ही एका दमात सांगितली तर टाळी नक्की मिळेल. पण एकात विझण्याची गोष्ट चालली आहे आणि दुसऱ्यात कधीच न विझणाऱ्याची. शिवाय त्या आयतीत पुढं आहे की अल्लाह ज्याला इच्छितो त्याला आपल्या प्रकाशाकडं नेतो. नेणारा तो आहे. बुद्धांच्या वाटेवर चालायचं आपणच.

बाबासाहेबांनी तर हा विचार अगदी आजच्या जगण्यात आणून ठेवला. निब्बाण म्हणजे विकारांवर इतका ताबा की सद्धम्माच्या वाटेवर चालता यावं, तेही याच जन्मी, याच देहात, ही त्यांची मांडणी. माणगाव परिषदेचा जिल्हा आपला. मार्च १९२० मध्ये शाहू महाराजांच्या उपस्थितीत बाबासाहेब तिथं अध्यक्ष होते. त्या जिल्ह्यात तरी त्यांच्या निब्बाणाला 'तेच ते मोक्ष वगैरे' म्हणून गुंडाळू नये. मोक्षाच्या नावाखाली पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना देवळाबाहेर ठेवलं, त्यांच्यासाठी त्यांनी हा अर्थ विचार करून निवडलेला होता.

सूफींकडं फना आहे, म्हणजे स्वतःचं मावळणं. त्यावरून लगेच 'अहं ब्रह्मास्मि' शेजारी ठेवलं जातं. बगदादमध्ये 'अनल हक', म्हणजे 'मीच सत्य', म्हणणाऱ्या मन्सूर हल्लाजला ९२२ साली मारलं, हे आपल्याला माहीत असतं. पण सूफी वाट तिथं संपत नाही. फनानंतर बका आहे, मावळल्यानंतर टिकणं, परत येऊन नमाज, बाजार, संसार सांभाळणं. गंगोहचे शेख अब्दुल कुद्दूस म्हणाले होते की पैगंबर सर्वांत उंच आकाशापर्यंत गेले आणि परत आले. मी तिथं पोहोचलो असतो तर कधीच परतलो नसतो. सूफीला न परतण्याची ओढ आहे आणि पैगंबरांचं मोठेपण परतण्यात आहे, हे एक सूफीच सांगतो. आणि सर्वसामान्य मुसलमानासाठी तर हदीसमधली एक साधी ओळ आहे: इबादत अशी कर की जणू तू त्याला बघतोयस, तुला तो दिसत नसला तरी तो तुला बघतोय. बाबूजमाल दर्ग्यावर, मोहरमच्या पंजांपुढं आपण पिढ्यांपासून हात जोडतो. ही ओळ मात्र आपल्यातल्या फार थोड्यांच्या कानावर गेलेली असते.

ख्रिस्ती बाजू मला सगळ्यात उशिरा कळली. मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, म्हणजे हे शेजारीही काही कालचे नाहीत. संत पौलाची गोष्ट घ्या. तो काही शोधत नव्हता. येशूच्या अनुयायांना पकडायला दमास्कसकडं निघाला होता. वाटेत प्रकाश पडला, तो जमिनीवर कोसळला आणि तीन दिवस आंधळा झाला. तप नाही, साधना नाही, उलट विरोधच. आणि प्रकाशानं आधी त्याची दृष्टीच नेली. बाहुबलीनं वर्षभर सगळं केलं तरी मिळालं नाही, पौलानं काहीच केलं नाही तरी मिळालं. या दोन कथांमधून निघणारी माणसं जगाकडं वेगळ्या नजरेनं बघणारच. एकाला आपल्या प्रत्येक कृतीचा हिशेब ठेवावासा वाटेल, दुसऱ्याला मिळालेल्या कृपेचं ओझं वाटेल. दोघंही चांगली माणसं होऊ शकतात. पण ती एकाच वाटेनं चांगली झालेली नसतात.

एका गोष्टीवर मी गप्प बसू शकत नाही. दिगंबर परंपरेनुसार स्त्रीला स्त्रीदेहातून मोक्ष नाही. पुरुषाचा जन्म घेऊन मुनिदीक्षा घ्यावी लागते. श्वेतांबरांना हे मान्य नाही, त्यांच्या मते एकोणिसाव्या तीर्थंकर मल्ली स्त्रीच होत्या. मला दिगंबर म्हणणं पटत नाही आणि पटणारही नाही. थेरीगाथा या बौद्ध ग्रंथात भिक्खुणी आपल्या मुक्तीची गाणी गातात. मुक्ताबाई वयोवृद्ध चांगदेवांची गुरू होते. अक्कमहादेवी बसवकल्याणच्या शरणांपुढं, म्हणजे बसवण्णांच्या सोबतच्या शिवभक्तांपुढं, उभी राहून उत्तरं देते. बसऱ्याची सूफी संत राबिया एका हातात पाणी आणि एका हातात आग घेऊन निघते, नरक विझवायला आणि स्वर्ग जाळायला, म्हणजे कुणी भीतीनं किंवा लोभानं इबादत करू नये. हे मी त्या काकांना बोलून दाखवलं. त्यांनी शांतपणे त्यांची बाजू मांडली, मी माझी. दोघांपैकी कुणीही हललं नाही. पुढच्या भाद्रपदात ते पुन्हा पुस्तक घेऊन आले. "सगळं एकच" म्हटलं असतं तर हा वाद झालाच नसता, आणि त्यांच्या परंपरेत आर्यिकांचं, म्हणजे साध्वींचं, स्थान काय, त्यांची तपश्चर्या किती कडक, हे मला कधी कळलंच नसतं.

माझ्या म्हणण्यावर एक वजनदार आक्षेप आहे. अनुभव सगळ्यांचा एकच, भाषा वेगळ्या. निंबाळचे तत्त्वज्ञ गुरुदेव रानडे यांनी आपल्या संतांना जगभरच्या साक्षात्कारी पुरुषांच्या शेजारी बसवून हेच जन्मभर मांडलं. त्यांच्या अभ्यासापुढं मी कुणीच नाही. तरी वाटतं, दोन्ही टोकांना पोहोचलेल्या माणसानं असं म्हणावं. आपण पहिल्या पायरीवरून म्हणू नये. खरंच मिसळण झाली ती कशी झाली तेही बघा. "शेख महंमद अविंध, त्याचे हृदयी गोविंद" असं लिहिणारा श्रीगोंद्याचा सूफी वारकऱ्यांनी आपला मानला. आपल्या कणेरी मठाचं पीठ लिंगायत परंपरेचं, आणि त्या पीठावरच्या मुप्पिन काडसिद्धेश्वर महाराजांनी इंचगिरी संप्रदायाच्या सिद्धरामेश्वर महाराजांना गुरू केलं. इथं कुणी व्यासपीठावरून समन्वय जाहीर केला नाही. दुसऱ्याच्या दारात शिष्य होऊन बसावं लागलं, तेव्हा ते घडलं.

दुसरा आक्षेप भीतीचा. फरक सांगत बसलो तर लोक भांडतील. जून २०२३ मध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून आपल्या शहरात दगडफेक झाली, इंटरनेट बंद झालं, दुकानं फुटली. ते दिवस माझ्याही पोटात अजून आहेत. पण त्या दिवशी दगड उचलणाऱ्यांपैकी कुणी मोक्ष आणि फना यांतल्या फरकासाठी उचलला होता? ज्यांना शेजाऱ्याच्या धर्मातलं काहीच ठाऊक नसतं, त्यांना त्याच्याविषयी काहीही सांगता येतं. दसरा चौकात उभं राहा. शाहू महाराजांच्या काळात १९०१ मध्ये जैन बोर्डिंग, म्हणजे विद्यार्थ्यांचं वसतिगृह, झालं, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग. आजही त्या चौकात ही बोर्डिंगं आहेत, चित्रदुर्ग मठ आहे, मध्ये महाराजांचा पुतळा आहे. एका चौकात राहण्यासाठी त्या पोरांना एकच प्रार्थना म्हणावी लागली नाही.

आता थोडं मागायचंय, विशेषतः गडहिंग्लज, शिरोळकडच्या लिंगायत मित्रांकडं. सोलापूरचे सिद्धराम तळी खोदत होते, देवळं बांधत होते. शरण संत अल्लमप्रभूंनी येऊन त्यांना हटकलं की हे सगळं बाहेर चाललंय, आत काय? मग ते कल्याणला गेले. दुसरीकडं बसवण्णांच्या घरात कायक सगळ्यात मोठं, काम हाच कैलास. षट्स्थलांत, म्हणजे साधनेच्या सहा पायऱ्यांत, शेवटचं ऐक्यस्थल, तिथं लिंग (शिव) आणि अंग (जीव) वेगळं उरत नाही. मग तिथं पोहोचलेल्या शरणाचं कायक चालू राहतं का? राहत असेल तर ते कोण करतं, आणि कुणासाठी? यंदाच्या बसवजयंतीची पुस्तिका लावताना हे मला कुठं सापडलं नाही. वचनाचा आधार देऊन कुणी सांगितलं तर फार बरं होईल. कन्नडमध्ये लिहिलं तरी चालेल, मी कुणाकडून तरी वाचून घेईन.